निजामशाहीचा वारसा ‘तुर्की’ होता काय?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील निजामशाहीकालीन, म्हणजे इ.स. १४९० ते १६३६ या काळातील वास्तूंना ‘तुर्कांच्या राजवटीतील’ असे सरसकट म्हटले जाते आणि त्यातून हा सारा वारसा बाहेरच्यांनी येथे आणून बसवला, असा समज रूढ झाला आहे. या समजाचे मूळ पुष्कळसे भाषेत आहे. जुन्या मराठीत ‘तुरुक’ हा शब्द वंशाने तुर्क असणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता, तर कोणत्याही मुसलमानास उद्देशून वापरला जाई, आणि पुढील वाचकांनी तो वंशवाचक मानला.

वस्तुस्थिती अशी की, राज्याचा संस्थापक मलिक अहमद याचा पिता मलिक हसन हा पाथरीच्या (आजचा परभणी जिल्हा) ब्राह्मण घराण्यातला असून, विजयनगरच्या प्रदेशात बहमनी सैन्याच्या हाती सापडल्यावर तो मुसलमान झाला व पुढे ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबापर्यंत चढला, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. ‘बुर्हान-ए-मआसिर’ या ग्रंथाचा कर्ता सय्यद अली तबातबा मात्र या घराण्याचा संबंध बहमनी राजवंशाशी जोडतो. तबातबा निजामशाही दरबाराच्या आश्रयाने लिहीत होता, तर फिरिश्त्याने आपला ग्रंथ विजापूरच्या आश्रयाखाली लिहिला, त्यामुळे निजामशहांची वंशावळ सजवण्याचे त्याला कारण नव्हते. शिवाय पाथरी हे पूर्वजांचे गाव म्हणून ते मिळवण्यासाठी बुर्हान निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर धरले, ही घटना फिरिश्त्याच्या वृत्तांताला बळ देते. दोन्ही वृत्तांतांपैकी कोणताही स्वीकारला, तरी घराणे तुर्की ठरत नाही.

हैदराबादचे निजाम आणि अहमदनगरचे निजामशहा एकच, हा दुसरा गैरसमज त्याहून ढोबळ आहे. हैदराबादच्या असफजाही घराण्याचे पूर्वज समरकंदकडून आले होते आणि त्यांची सत्ता १७२४ मध्ये, निजामशाही बुडून ८८ वर्षे झाल्यावर सुरू झाली. दोघांत समान आहे तो केवळ किताब.

याचा अर्थ तुर्कांचा येथे काहीच वाटा नव्हता, असाही नाही. विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ मुळात १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली आणि ती घडवणारा मुहम्मद हा ‘रूमी’, म्हणजे रूम अथवा उस्मानी तुर्कांच्या मुलखातला कारागीर होता. परंतु ही तोफ ज्या दरबारासाठी ओतली गेली, त्याला शिया पंथाकडे वळवणारा शाह ताहिर इराणकडून आला होता, राज्य अखेरच्या पर्वात तोलून धरणारा मलिक अंबर हबशी होता, आणि त्याच राज्याच्या अगदी शेवटी एका बालकाला संगमनेर परिसरातील पेमगिरीवर गादीवर बसवून कारभार चालवणारे शहाजीराजे मराठा होते. इतक्या निरनिराळ्या माणसांनी घडवलेल्या वारशाला एकाच वंशाचे नाव देणे हे इतिहासाच्या दृष्टीने चूकच आहे. त्यासाठी ‘दख्खनी’ हाच शब्द योग्य.

स्थानिक पातळीवरचा सर्वांत चिवट गैरसमज शहराच्या पूर्वेकडील शहा डोंगरावर आहे. तेथील तीन मजली अष्टकोनी इमारतीला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. प्रत्यक्षात तो महाल नसून मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीची कीर्ती लोकांच्या मनात इतकी ठसली की, मंत्र्याचे नाव मागे पडले.

हे तपशील तपासून मांडण्याचे काम अभ्यासकांनी सातत्याने केले आहे. राधेश्याम यांनी १९६६ मध्ये या राज्याचा राजकीय इतिहास ग्रंथरूपाने मांडला, तर पुष्कर सोहोनी यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेल्या संशोधनातून पुढे २०१८ मध्ये निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासात इमारती, बागा आणि शहराला पाणी पुरवणारे खापरी नळ, म्हणजे भाजक्या मातीच्या नळ्या जोडून जमिनीखालून नेलेले पाणीमार्ग, यांचे मोल लिखित बखरींइतकेच असते, कारण दरबारी लेखक जे सांगत नाहीत ते दगड-चुना सांगतो. म्हणून जिल्ह्यातील शाळांनी सहलीला शहा डोंगरावर मुलांना नेताना त्या वास्तूचे खरे नाव, सलाबतखानाची कबर, आवर्जून सांगावे.