त्वचेचे शास्त्र आणि स्पाचा हिशेब

पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या बेटावर आले आणि ऊसमळ्यांत राबले. उन्हाने रापलेली कातडी आणि उसाच्या पात्यांनी चिरलेले हात हीच त्यांच्या कष्टांची खूण होती. त्यांच्याच वंशातील एखादी मुलगी आज त्वचोपचारांचे शिक्षण घेऊ म्हणते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. "परक्यांचे अंग चोळण्यासाठी का तुला शिकविले?" या प्रश्नामागे जुन्या अपमानाची आठवण आहे, म्हणून त्याचे उत्तर आदरानेच दिले पाहिजे.

हे केवळ अंग चोळणे नव्हे, हे शास्त्र आहे. त्वचेचा बाह्य थर साधारणपणे चार आठवड्यांत नवा होतो. उपचारांतील अंतर त्या गतीकडे पाहून ठरवावे लागते. मृत पेशी काढण्यासाठी वापरले जाणारे ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसातही आढळते. ज्या उसाने आजोबांचे हात सोलले, त्याच उसातील हे द्रव्य नात मोजून-मापून वापरते! परंतु त्याची तीव्रता किंवा वेळ चुकली, तर सावळ्या त्वचेवर महिनोनमहिने न जाणारे काळे डाग पडतात. लेसरचेही तसेच. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश अधिक शोषून घेते व भाजण्याचा धोका वाढतो. म्हणून तेथे १०६४ नॅनोमीटरसारखी दीर्घ तरंगलांबी अधिक सुरक्षित मानतात. आपल्या वर्णाच्या लोकांवर उपचार करणाऱ्याला हे ज्ञान हवेच.

त्याचबरोबर नकार देण्याचे धैर्यही हवे. गोरेपणाच्या मोहाने पारायुक्त मलमे लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा वेळी गिऱ्हाईक गमावले तरी चालेल, पण खरे सांगावे. आणि संशयास्पद तीळ वा व्रण दिसताच डॉक्टरांकडे पाठवावे.

१९४६ साली स्थापन झालेल्या सिडेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका अनेक देशांत मान्य आहे. मात्र हाताचे कौशल्य आले म्हणजे धंदा आला असे नव्हे. समजा, चार खोल्या रोज आठ तास उघड्या आहेत. म्हणजे विकण्यास ३२ तास आहेत. त्यांपैकी २० तास विकले गेले, तर उरलेले १२ कायमचे बुडाले. रिकामा तास उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. भाडे, पगार, धुलाई आणि मुदत संपणारी तेले यांचा खर्च त्या २० तासांतूनच निघाला पाहिजे. मार्च २०२० मध्ये बेटाच्या सीमा बंद झाल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये लस घेतलेल्या प्रवाशांना विलगीकरणाशिवाय प्रवेश मिळेपर्यंत पर्यटन जवळजवळ ठप्प होते. केवळ परदेशी पाहुण्यांवर विसंबू नये, गावातील गिऱ्हाईकही जोडावे, हा धडा त्या काळाने दिला.

दिवाळीच्या पहाटे आजी नातवंडांना उटणे लावीत असे, तेव्हा ते काम कोणालाही हलके वाटले नाही. हलकेपणा कामात नसतो. तो अज्ञानात आणि पराधीनतेत असतो. पूर्वजांच्या श्रमांचे मोल दुसऱ्यांनी ठरविले. आपल्या मुली शास्त्र शिकोत, हिशेब शिकोत आणि आपल्या श्रमांचे मोल स्वतः ठरवोत. त्या १६ पायऱ्यांचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.