डोक्यावर पडलीयेस का?

हा प्रश्न मला कॉलेजपासून शेकडो वेळा विचारला गेलाय. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला गेले तेव्हा. बऱ्यापैकी पगाराची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचं ठरवलं तेव्हा तर घरातल्या प्रत्येकानं एकेकदा. दरवेळी उत्तर 'नाही' असंच होतं. गेल्या पावसाळ्यात मात्र खरं उत्तर पहिल्यांदाच 'हो' होतं, आणि नेमकं तेव्हाच कुणी विचारलं नाही!

स्थळ, उंब्रज. पुण्याहून कोल्हापूरला जाताना सातारा मागे पडल्यावर आणि कराड यायच्या आधी हायवेवर लागतं ते. तारळी नदी इथं कृष्णेला मिळते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती इथला. आणि माझं आजोळही. वीकेंडला म्हणून गेले होते. मागच्या परसात, मोबाइलला रेंज मिळते अशा एकमेव कोपऱ्यात, एका एडिटरशी डेडलाइनवरून घासाघीस करत येरझाऱ्या घालत होते. पावसानं धुण्याच्या दगडाभोवती हिरवंगार शेवाळ धरलेलं. पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू थेट दगडावर. धप्प!

बेशुद्ध वगैरे पडले नाही. रक्ताचा थेंब नाही. उठून बसले आणि हसलेसुद्धा म्हणे. ('म्हणे' अशासाठी, की मला त्यातलं काहीच आठवत नाही.) आज्जीनं केसांतून बोटं फिरवून टेंगूळ शोधलं. सापडलं नाही. आमच्याकडे एक समज आहे. टेंगूळ आलं म्हणजे मार बाहेर आला, निभावलं. नाही आलं तर मुका मार. "मुका मार हाय गं पोरी, जपून ऱ्हा," आज्जी म्हणाली. मी अर्थातच ते कानाआड केलं. टेंगूळ म्हणजे कातडीखालची सूज. ती आली काय किंवा न आली काय, मेंदूचं त्यावरून काहीच कळत नाही. पण 'मुका' हा शब्द किती अचूक होता, ते मला पुढे तीन आठवडे कळत राहिलं.

मामीनं नंतर सांगितलं, "बस किती वाजता हाय, आसं तू पाच येळा इचारलंस. मला वाटलं, चेष्टा करतीयास." संध्याकाळी मी खरंच बस पकडली. शिरवळच्या आसपास उलटी झाली. दोष साताऱ्याच्या स्टँडवर खाल्लेल्या वडापावला दिला. बिचारा वडापाव!

दूध कपाटात, मोबाइल फ्रीजमध्ये

सोमवारी लॅपटॉप उघडला. तासाभराची मुलाखत उतरवून काढायची होती, एरवी तीन तासांचं काम. संध्याकाळपर्यंत अर्धीही झाली नाही. वाक्य ऐकायचं, टाइप करायला जायचं आणि ते गायब. ट्यूबलाइट डोळ्यांत टोचत होती. रूममेटनं चटणीसाठी मिक्सर लावला तर तो माझ्या कवटीतच फिरतोय असं वाटलं. तिच्यावर मी असं काही ओरडले की ती जेवलीच नाही. बुधवारी कर्वे रोडच्या सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या रडू आलं. कारण? काहीही नाही.

मी स्वतःला काय सांगत होते माहितीये? स्ट्रेस. झोप कमी. चष्म्याचा नंबर वाढला असणार. परसातलं पडणं यादीत कुठंच नव्हतं! रूममेटला मात्र दुधाची पिशवी कपाटात आणि माझा मोबाइल फ्रीजमध्ये सापडला. गुरुवारी तिनं मला अक्षरशः ओढत हॉस्पिटलमध्ये नेलं. सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट नॉर्मल. "काही नाहीये, कामाला लागा," ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले. मी आज्ञाधारकपणे कामाला लागले. शुक्रवार, शनिवार दहा-दहा तास. रविवारी उठून उभी राहिले तर खोली गरागरा फिरत होती. आईनं फोनवरचा माझा आवाज ऐकला आणि निर्णय दिला: "आज्जीकडं जा. आणि कराडला डॉक्टरांना दाखव."

कराडच्या न्यूरॉलॉजिस्टनी आधी मामीला बोलायला लावलं, मला नंतर. हे मला तेव्हा अपमानास्पद वाटलं होतं. पण ज्या मेंदूला मार लागलाय, त्यालाच 'तुला काय होतंय' असं विचारून कितीसं कळणार? पाच वेळा विचारलेला बसचा टाइम मामीच्याच लक्षात होता. त्यावरून डॉक्टरांनी नाव सांगितलं, कन्कशन.

सीटी स्कॅनचं कोडं त्यांनी एका वाक्यात सोडवलं. "स्कॅनमध्ये घराच्या भिंती पडल्यात का, पाणी शिरलंय का, ते दिसतं. वायरिंगमध्ये घोळ झालाय का, ते दिसत नाही." म्हणजे फ्रॅक्चर आणि रक्तस्राव नाही एवढंच तो नॉर्मल रिपोर्ट सांगत होता. ते महत्त्वाचं आहेच, पण मला काहीच झालेलं नाही असा त्याचा अर्थ नव्हता.

साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा आपला मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोरात हिसका बसला की तो आत हेलकावतो, पिळतो. त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी परत बसवायला पेशींना एकदम जास्तीची साखर, जास्तीची ऊर्जा लागते. आणि नेमका त्याच वेळी मेंदूकडचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. थोडक्यात लोडशेडिंग! मागणी दुप्पट, पुरवठा कमी. अशात मी दहा-दहा तास लॅपटॉप चालवत होते.

आणखी एक गैरसमज जाऊ दे. बेशुद्ध झाल्याशिवाय कन्कशन होत नाही, हे चूक. बहुतेक जण शुद्धीवरच असतात. डोकं आपटावंच लागतं असंही नाही, गाडीला मागून धक्का बसून मान जोरात हलली तरी पुरतं. किचनच्या कपाटाचं उघडं दार, जुन्या वाड्याची ठेंगणी चौकट, बाथरूमची ओली फरशी, असं काहीही. आणि 'हेल्मेट होतं ना' हे उत्तर नाही. हेल्मेट कवटी वाचवतं, जीव वाचवतं, ते घालायलाच हवं, पण आतला हिसका ते पूर्ण थांबवू शकत नाही.

हे दिसलं तर थांबू नका

हा भाग कापून फ्रिजवर लावा. डोकं आपटल्यावर दुखणं वाढतच चाललंय, पुन्हा पुन्हा उलट्या होतायत, एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसतंय, बोलणं अडखळतंय, हातापायात जोर नाही, फिट आली, गोंधळ वाढतोय, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, किंवा माणूस उठवूनही नीट जागा होत नाही... यातलं एक जरी असलं तरी थेट हॉस्पिटल, नाहीतर 108. इथं सीटी स्कॅनच लागतो, आणि लगेच. घरातल्या आजी-आजोबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर किरकोळ वाटणारं आपटणंही दाखवून घ्या. म्हाताऱ्या माणसांत रक्त हळूहळू साठतं आणि दोन-तीन आठवड्यांनी चालणं डगमगतं, बोलणं भरकटतं. तोवर पडल्याचं सगळे विसरलेले असतात.

'झोपू देऊ नका' असं शेजारच्या काकू बजावून गेल्या होत्या. यातलं काही नसेल आणि डॉक्टरांनी तपासलं असेल, तर झोपू द्यावं. झोप हेच तर औषध आहे. फक्त पहिले 24 ते 48 तास माणूस एकटा नको. दुखण्यावर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन सुरुवातीला नको. दारू नको. गाडी तर अजिबात नको. (कर्वे रोडवरच्या स्कूटीचा विषय मी डॉक्टरांसमोर काढलाच नाही.)

मारुतीपर्यंत, मग नदीपर्यंत

मला वाटलं होतं आता महिनाभर अंधाऱ्या खोलीत. पूर्वी तसंच सांगायचे. आता नाही. 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ जमले होते. 2023 मध्ये त्यांनी जे छापलं त्याचा सूर असा, की पहिले एक-दोन दिवस आराम, पण नंतर हळूहळू चालायला लागा. मात्र पहिल्या दोन दिवसांत स्क्रीन खरंच बंद ठेवावा. 2021 च्या एका अमेरिकन प्रयोगात 12 ते 25 वयाच्या पेशंटचे दोन गट केले होते. ज्यांनी पहिले 48 तास स्क्रीन टाळला ते साधारण साडेतीन दिवसांत सावरले, ज्यांनी टाळला नाही त्यांना आठ दिवस लागले. माझे ते 48 तास कधीच मुलाखत उतरवण्यात गेले होते!

माझं टाइमटेबल असं ठरलं. सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं आणि परत. त्रास थोडासा वाढला आणि तासाभरात ओसरला तर चालेल. जास्त वाढला तर उद्या अंतर कमी. चौथ्या दिवशी मी तारळीच्या काठापर्यंत गेले आणि विजय मिळवल्यासारखी परतले. पाचव्या दिवशी जास्त शहाणपणा करून स्टँडकडे गेले. एसटीचे हॉर्न, वडापवाल्यांच्या हाका, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा घरघराट. दहा मिनिटांत भोवळ आली. एका भजीवाल्यानं बाकड्यावर बसवून पाणी दिलं. पुढचे दोन दिवस परत मारुतीपर्यंतच. वाचन दहा मिनिटं, घड्याळ लावून. मोबाइल मामीच्या ताब्यात.

चिडचिड सगळ्यात शेवटी गेली. सिक लीव्ह नावाची चीज फ्रीलान्सरच्या नशिबात नसते, त्यामुळे दोन असाइनमेंट हातच्या गेल्या. 'मला कन्कशन झालंय' असं एका एडिटरला कळवलं तर उत्तर आलं, "पण तू फोनवर तर नॉर्मल वाटतीयेस!" पायाला प्लास्टर असतं तर फुलांचा गुच्छ आला असता.

"ताई, मलापण असंच होतंय"

खरी गोष्ट पुढेच आहे. मामाचा धाकटा नववीत, शाळेच्या कबड्डी टीममध्ये. संध्याकाळी मी दिवा न लावता पडले होते तर हा येऊन पायाशी बसला. बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "ताई, तुला उजेडाचा त्रास व्हतोय न्हवं? मलापण असंच होतंय."

पाच दिवसांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये पायाची पकड करताना समोरच्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला होता. क्षणभर डोळ्यांपुढे अंधार. उठून परत खेळला. दोन दिवस फळ्यावरचं नीट वाचता येत नव्हतं. घरात अवाक्षर नाही, कारण गुरुवारी तालुक्याच्या मॅचेस!

मी मामाला सांगितलं आणि घरात रणकंदन झालं. "पोरांना लागतंयच गं. आम्ही तालमीत काय कमी आपटलो?" हे मामाचं. पोरगं तर माझ्याकडे गद्दाराकडे बघावं तसं बघत होतं. त्याच्याकडे पुरावाही तयार होता. 31 जानेवारी 2025, आपल्या पुण्याच्या गहुंजे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धची टी-ट्वेंटी. शेवटच्या ओव्हरमध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर बॉल आदळला. त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि तीन विकेट काढल्या. ऑलराउंडरच्या जागी फास्ट बोलर कसा चालतो म्हणून इंग्लंडवाले भडकले, तो वाद वेगळा. "पण दोन दिवसांनी दुबे वानखेडेवर खेळला की!" हे पोराचं म्हणणं. मी म्हटलं, त्याला तपासायला डॉक्टरांची फौज होती, तुला कोण आहे? आणि मग पंतचं घे ना. 14 जानेवारी 2020, त्याच वानखेडेवर कमिन्सचा बॉल ऋषभ पंतच्या हेल्मेटला लागला. तो कीपिंगला उतरलाच नाही, पुढची राजकोटची मॅचही खेळला नाही.

"आणि ग्लव्हज राहुलकडं गेले ते गेलेच," पोरगं पटकन म्हणालं.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. याला दुखण्याची भीती नव्हतीच. आपली जागा दुसऱ्याला मिळेल, ही भीती होती. लॉर्ड्सवर ऑगस्ट 2019 मध्ये स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेला लाबुशेन पहिला कन्कशन सबस्टिट्यूट ठरला आणि पुढे टीममध्ये पक्का झाला, हे मी त्याला सांगितलं नाही. तसं बघितलं तर दोन असाइनमेंट जातील म्हणून लॅपटॉपसमोर बसलेली मी यापेक्षा वेगळं काय करत होते?

बुधवारी आम्ही तिघं कराडला गेलो. पहिला मार भरला नसताना दुसरा बसला तर मेंदूला धोकादायक सूज येऊ शकते, आणि हे कोवळ्या वयात जास्त घडतं, हे डॉक्टरांनी मामाला समजावलं. आधी शाळेत दिवसभर बसता आलं पाहिजे, मग पळणं, मग एकट्यानं सराव, आणि पकडापकडी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मोठ्यांना दहा-चौदा दिवस, पोरांना महिनाभरही लागू शकतो. मामा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं स्वतः शाळेत फोन केला, "उद्या आमचं पोरगं खेळणार न्हाय."

टीम चार पॉइंटनी हरली. कबड्डीत बदली खेळाडू असतात, पण याच्यासारखी पायाची पकड दुसऱ्या कुणाकडे नव्हती म्हणे. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते तर दारात उभा, शाळेच्या बुटांत.

"ताई, आज कुठपर्यंत?"

"नदीपर्यंत. पण हळू."