फुलांचा अर्क : औषध आणि धोका

महाराजपूर हे जबलपूरचे गाव. या जिल्ह्यातील वनांत फाल्गुन-चैत्रात पळस, मोह आणि धायटी फुलतात. त्यांपैकी धायटीच्या लालभडक फुलांना आयुर्वेदात विशेष स्थान आहे. आसवे व अरिष्टे तयार करताना ती काढ्यात गुळाबरोबर घालतात. पात्राचे तोंड बंद केल्यावर आत किण्वन सुरू होते आणि मद्यार्क निर्माण होतो. पाण्यात न उतरणारी काही द्रव्ये या मद्यार्कात उतरतात व औषध दीर्घकाळ टिकते. मात्र त्याच मद्यार्कामुळे यकृताच्या रुग्णाने आसव वैद्याला विचारूनच घ्यावे.

अर्क म्हणजे फुलातील द्रव्ये पाणी, मद्यार्क किंवा तेल यांत उतरवून घेणे. असे केल्याने गुण एकवटतात, तसे दोषही एकवटतात. लवंग ही वाळवलेली फुलकळी आहे. भाजीत दोन लवंगा घातल्याने कोणाला अपाय होत नाही. तिच्या तेलातील युजेनॉल दाताची वेदना शमवते आणि दंतवैद्यही ते वापरतात. पण एक-दोन चमचे लवंगतेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर त्याचे यकृत निकामी होऊ शकते.

कण्हेरीची गोष्ट याहून गंभीर आहे. देवाला वाहिली जाणारी ही फुले पोटात घेण्याची नव्हेत. लाल-पांढरी कण्हेर काय, पिवळी काय, दोहोंत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये असतात आणि उकळल्याने ती नष्ट होत नाहीत. २०२० साली कण्हेरीतील ओलिअँड्रिन कोविडवर गुणकारी असल्याचा गाजावाजा अमेरिकेत झाला, परंतु तेथील औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली नाही. प्रयोगशाळेतील काचपात्रात विषाणू मरणे आणि माणूस बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे.

नावांमुळेही घोटाळा होतो. जखमेच्या मलमात वापरले जाणारे कॅलेंड्युला म्हणजे आपल्या तोरणातला झेंडू नव्हे. त्या दोन निराळ्या वनस्पती आहेत.

औषध विकत घेताना वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि घटकद्रव्यांची यादी आहे का, हे पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा स्त्री गर्भवती असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. कण्हेर पोटात गेल्याची शंका आली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये; झाडाची फांदी सोबत घेऊन रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.