डोकेदुखी थांबली, तरी मैदानाची घाई नको

बॉक्सिंगमध्ये ठोसा बसला किंवा फुटबॉलमध्ये डोक्याला डोके आदळले, की मेंदूला हादरा बसू शकतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ बहुधा काही दिवसांत थांबते. पण तोल आणि हालचालींवरचा ताबा पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागू शकतो. म्हणूनच मैदानात परतलेल्या खेळाडूंचे गुडघे, घोटे दुखावण्याचा धोका वाढलेला असतो.

पहिले २४ ते ४८ तास विश्रांती. हलके चालणे चालेल. मग पायरीपायरीने हलका व्यायाम, एकट्याचा सराव, धक्का न लागणारा सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर थांबा. सोबत एका पायावर उभे राहणे, उडी मारून गुडघे वाकवत उतरणे, शिट्टीसरशी दिशा बदलणे हेही करावे. चक्कर रेंगाळली तर म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत तोलाची तपासणी होते.

कॅडेटनो, त्रास लपवणे म्हणजे शौर्य नव्हे. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरात हेल्मेटवर चेंडू लागलेल्या जडेजाऐवजी चहल उतरला, त्याने ३ बळी घेतले आणि भारत जिंकला. बदली खेळाडू मिळतो. बदली मेंदू मिळत नाही.