घाट उतरण्यापूर्वी : ट्रकची रोजची तपासणी

पुणे-लोणावळा लोकलने ये-जा करणाऱ्यांना देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले बेगडेवाडी हे छोटे स्थानक ठाऊक असते. जुना मुंबई-पुणे रस्ता तेथून जवळच जातो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतून किंवा भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांतून माल भरून न्हावाशेवा बंदराकडे निघालेली गाडी या टापूत पोहोचते, तेव्हा बोरघाट अजून पुढे असतो. चाके फिरून गरम झालेली असतात, माल हादरून आपल्या जागी बसलेला असतो आणि रस्ता अजून बराचसा सपाट असतो. गाडीत काही दोष असेल तर तो इथे सापडणे स्वस्त पडते. घाटात सापडला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल हे सांगता येत नाही.

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते. कोणी ड्रायव्हर आहे, कोणी फिटर, कोणी टायरवाला, तर कोणी कर्ज काढून घेतलेल्या एका ट्रकचा मालक. म्हणून रोजच्या तपासणीचा हा विषय येथे सविस्तर घेत आहोत.

लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरते. रस्ता कोणताही घेतला तरी उंची तेवढीच उतरावी लागते. चाळीस टनांची गाडी पाचशे मीटर उतरते तेव्हा जी शक्ती मोकळी होते, तिच्यात सुमारे साडेसहाशे लिटर साधे पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक तिचा मोठा वाटा उचलतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार लायनर आणि ड्रमवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. यालाच आपण ‘ब्रेक फेल’ म्हणतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची जी सवय आहे, ती तर आत्मघातकीच होय. कारण इंजिन बंद झाले की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो.

२६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळच्या उतारावर एका कंटेनर ट्रेलरने पुढच्या सुमारे वीस वाहनांना धडक दिली. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ब्रेक निकामी झाल्याचे प्राथमिक माहितीत सांगितले गेले. या एका अपघाताबद्दल आपण निकाल देऊ नये. परंतु ब्रेक ही वस्तू सहसा सूचना न देता जात नाही, हे कोणताही जुना फिटर सांगेल. सूचना आदल्या दिवशी, कधी आदल्या आठवड्यात मिळालेली असते. ती ऐकायला कोणी खाली उतरलेले नसते, एवढेच.

म्हणून तपासणीची सुरुवात हवेच्या ब्रेकपासून करावी. फजरची नमाज झाल्यावर, गाडी यार्डात सपाट जागी असताना चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि इंजिन चालू करून हवेच्या काट्याकडे पाहावे. काटा भरायला रोज किती वेळ लागतो हे ड्रायव्हरला माहीत असते. त्याहून जास्त लागला तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा कुठेतरी हवा जात आहे. काटा पूर्ण भरला की इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून पेडल पूर्ण दाबून धरावे आणि घड्याळात एक मिनिट मोजावे. अमेरिकेत जड वाहनाच्या परवान्यासाठी हीच परीक्षा घेतात. तेथे एका मिनिटात साध्या ट्रकची हवा ३ पौंडांपेक्षा आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीची ४ पौंडांपेक्षा जास्त उतरलेली चालत नाही. त्या मिनिटात क्लिनरने गाडीभोवती फिरून कान द्यावा. फुसफुस ऐकू येते. ती मोबाइलवर गाणे चालू असताना ऐकू येत नाही, म्हणून तेवढा वेळ गाणे बंद.

त्यानंतर पेडल वारंवार दाबून हवा कमी करावी आणि हवा कमी झाल्याचा बझर वाजतो का ते पाहावे. बझर फार वाजतो म्हणून वायर काढून ठेवणे म्हणजे घरातल्या राखणदाराला स्वतःच्या हाताने झोपवणे. टाकीच्या खालचा कॉक उघडून पाणी काढणेही रोजचे काम आहे. मावळच्या पावसात हवेतली ओल टाकीत साचते, आणि तेच पाणी पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन ते गंजवते. पाण्याबरोबर काळे तेल येऊ लागले तर कॉम्प्रेसर फिटरला दाखवावा. शेवटी एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा दांडा किती बाहेर येतो ते पाहावे. एका चाकाचा दांडा इतरांपेक्षा लांब येत असेल तर ते चाक जवळजवळ ब्रेकविना चालले आहे असे समजावे. या साऱ्याला दहा मिनिटे लागतात.

टायरबाबत ड्रायव्हरांची टामीने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत चांगली आहे, पण पुरेशी नाही. ठोक्याने सपाट टायर कळतो, थोडी कमी हवा कळत नाही. जोडचाकातला आतला टायर कमी हवेवर चालला तर तो तापतो आणि एक दिवस फुटतो. म्हणून हवेचा गेज गाडीतच ठेवावा आणि टायर थंड असताना लावावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कायद्याने टायर बाद होतो, परंतु पावसाळ्यात तेवढी वाट पाहू नये. दोन चाकांमध्ये अडकलेला दगड काढावा. व्हीलनटाच्या भोवती गंजाची तांबडी रेघ दिसली तर तो नट सैल आहे.

इंजिन ऑइल, कूलंट, पट्टा, कमानपाट्यातली चीर, दिवे, इंडिकेटर, वायपर, आरसे, मागची परावर्तक पट्टी आणि धोक्याचा त्रिकोण या गोष्टी बहुतेक जण पाहतातच. कंटेनर असेल तर चारही कोपऱ्यांचे लॉक हाताने हलवून पाहावेत.

दुसरी, छोटी पाहणी बेगडेवाडी-सोमाटणे टापूत करावी. मात्र रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोलपंपावर किंवा ढाब्याच्या आवारात. दोऱ्या पुन्हा ओढाव्यात आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न टेकवता न्यावी. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक हे कारण असते. रमजानमध्ये सहरीमुळे झोप मोडते, तेव्हा ही पाच मिनिटे स्वतःच्या डोळ्यांची तपासणी करण्यासाठीही वापरावीत.

आता कायद्याकडे वळू. फिटनेस सर्टिफिकेट आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी घ्यावे लागते. पण ते त्या दिवसापुरते खरे असते. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १९० सांगते की, जो दोष माहीत होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर लक्षात आला असता, असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघेही जबाबदार आहेत. त्या दोषामुळे कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ‘साधारण काळजी’ म्हणजे दुसरे काय? हीच रोजची पाहणी. जादा माल भरल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. आणि घाटात तो प्रत्येक टन ब्रेकलाच सोसावा लागतो.

यावर उपाय स्वस्त आहे. स्टेशनरीच्या दुकानातून एक डुप्लिकेट वही आणावी. ड्रायव्हरने तारीख, किलोमीटर आणि दोष लिहून सही करावी. दुरुस्ती केल्यावर फिटरने त्याखाली सही करावी. दुसरी प्रत मालकाकडे राहावी. ब्रिटनमध्ये मालवाहतूकदारांना दोषांची अशी नोंद किमान १५ महिने जपावी लागते. उद्या प्रकरण कोर्टात गेले तर काळजी घेतली होती हे दाखवायला वही हाताशी असते, तोंडचे शब्द नसतात.

खरी अडचण वहीची नाही. ड्रायव्हर म्हणतो, “शेठ, ब्रेक खाली जातोय.” शेठ म्हणतो, “एक खेप मारून ये, मग बघू.” खेपेवर पैसे मिळणारा ड्रायव्हर पुढच्या वेळी काही सांगतच नाही. आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण वाझमध्ये ऐकतो. धंद्यात मात्र उंट सुटलेलाच राहतो. लोकांचा माल ही अमानत आहे, तशीच रस्त्यावर चालणाऱ्यांची जानही. तेव्हा मालकाने महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकावे की, ड्रायव्हरने वहीत दोष लिहून गाडी थांबवली तर त्या दिवसाचा भत्ता त्याला पूर्ण मिळेल. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे आणि जो स्वतःच चालवतो, त्याने प्रत्येक खेपेच्या भाड्यातून थोडी रक्कम लायनर-टायरसाठी बाजूला काढावी आणि हप्त्याइतकीच सक्तीची मानावी.