हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणून ब्रश बंद?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलानं दात घासून चूळ थुंकली आणि बेसिनमध्ये लालसर रेघ दिसली, की घरात ठरतं : ब्रश कडक असेल, चार दिवस नुसत्या बोटानं घास. काळजीपोटीच सांगितलं जातं, पण होतं उलटंच. बहुतेक वेळा हिरडी आधीच सुजलेली असते, ब्रशचं फक्त निमित्त. दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो. घासणं थांबलं की तो वाढतो आणि सूजही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी निरोगी हिरड्यांच्या तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. तेव्हा रक्त दिसलं तर मऊ ब्रश घ्या, तंतू हिरडीच्या कडेकडे तिरके धरा आणि हळूहळू, पण दोन्ही वेळा घासा. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम आईबाबांनीच करावं.

‘आम्ही त्याला गोड देतच नाही, मग हिरड्या कशानं बिघडतील?’ हा प्रश्न अनेक पालक विचारतात. दात किडतात ते खाल्लेल्या साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात म्हणून. हिरड्यांचं तसं नाही. तिथला कुप्रसिद्ध जिवाणू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, साखरेवर जगतच नाही. सुजलेल्या हिरडीतून झिरपणारी प्रथिनं हे त्याचं खाद्य. रक्तातली साखर सतत चढी राहिली की जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात, सूज लवकर उतरत नाही, तोंडही कोरडं पडतं. म्हणून तेवढ्याच प्लाकवर शेजारच्या मुलाला काही होत नाही आणि आपल्या मुलाच्या हिरड्या लाल होतात. मिठाई बंद ठेवूनही एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी, चढं असेल, तर हिरड्यांचा धोका आहेच.

पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा बळावलेला आजार, म्हाताऱ्यांनाच होतो, हाही समज सोडायला हवा. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं २००६ मध्ये ६ ते १८ वर्षांच्या मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेही मुलांमध्ये दाताला धरून ठेवणाऱ्या ऊतींची झीज इतर मुलांपेक्षा जास्त आढळली, अगदी बारा वर्षांच्या आतल्या मुलांमध्येही. दुधाचे दात पडणारच आहेत, हे खरं. पण सहाव्या वर्षापासून कायमचे दात त्याच हिरडीतून वर येतात.

माउथवॉशनं सगळे जंतू मारून टाकू, असंही कुणी म्हणतं. तोंडात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. घट्ट चिकटलेला प्लाक गुळण्यांनी निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. त्याचं किटण झालं असेल तर डेंटिस्टकडूनच. आणि दात घासायला म्हणून मिश्री मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. ती भाजलेली तंबाखू आहे.

राहिली रात्रीची हायपो, म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाणं. दात घासून झालेत म्हणून ग्लुकोज द्यायला कचरू नका, ते तत्काळच द्यायचं. साखर सावरली, मूल नीट जागं आहे याची खात्री झाली, की साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा.