सरकारी वकील कोणाचा?

फौजदारी खटल्यात आरोपी सुटला, की कोर्टाच्या ओसरीवर पहिले वाक्य कानी येते ते बहुधा ठरलेले असते : ‘आपला वकील कमी पडला.’ ‘आपला’ म्हणजे सरकारी वकील. ज्याच्या घरी दरोडा पडला, ज्याचा मुलगा मारला गेला, त्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नव्हे, पोलिसांचा नव्हे, आणि सत्तेवर असलेल्या पक्षाचा तर मुळीच नव्हे. मग तो आहे तरी कोणाचा? ह्या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

शेताच्या बांधावरून दोन शेजारी भांडतात तेव्हा दिवाणी दाव्यावर त्या दोघांचीच नावे असतात. त्यांनी वाटेत तडजोड केली तर प्रश्न मिटला. खुनाचा खटला मात्र राज्याच्या नावाने चालतो; मेलेल्याच्या पत्नीचे नाव तेथे वादी म्हणून नसते. ह्यात तिचा अनादर नाही. खुनाने तिचे घर बुडाले हे खरेच. पण ज्या भरवशावर आपण सारे रात्री दार लावून निजतो, तो भरवसाही त्याच वेळी मोडला, असे कायदा मानतो. शिवाय खटल्याचे ओझे त्या विधवेवरच टाकले, तर पैशाच्या अभावी किंवा गावातल्या धनदांडग्याच्या धाकाने ती चार तारखांतच थकून जाईल. उलटपक्षी फिर्यादी श्रीमंत आणि सूडाने पेटलेला असला, तर निरपराध माणसाचीही धडगत राहणार नाही. ह्या दोन्ही भयांवर उतारा म्हणून खटला समाजाने आपल्या हाती घेतला आणि तो चालविण्यासाठी एक वकील नेमला.

त्याचे काम कोठे सुरू होते? गुन्ह्याचा तपास पोलीस करतात आणि दोषारोपपत्र कोर्टात दाखल करतात. पुढे सत्र न्यायालयात खटला चालवावयाचा तो सरकारी वकिलानेच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ह्या पदासाठी निदान सात वर्षे वकिली केलेली असावी लागते. आरोप काय आहे व तो कोणत्या पुराव्याने शाबीत करणार, हे सरकारी वकील आरंभी न्यायाधीशांस सांगतो. मग एकेका साक्षीदाराची सरतपासणी तो घेतो, आणि आरोपीचा वकील उलटतपासणी घेतो. येथे एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. कायद्याने सांगितलेले काही अपवाद सोडले, तर आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे नसते. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर असतो, आणि तोही वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतका सिद्ध करावा लागतो.

आता समजा, पोलिसांच्या मते आरोपी खुनाच्या रात्री घटनास्थळी होता. पण तो त्याच वेळी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात होता असे दाखविणारी नोंद सरकारी वकिलाच्या हाती आली. त्याने काय करावे? कागद खाली दडपून ठेवावा काय? १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ह्याचे उत्तर निःसंदिग्ध दिले आहे. कसेही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलास असता कामा नये. आरोपीला न्याय्य लाभ देणारी गोष्ट त्याने लपवू नये, उलट ती कोर्टापुढे आणावी. फिर्यादीच्या खाजगी वकिलाने सरकारी वकिलाची जागा घेऊ नये, असेही त्याच निकालात सांगितले आहे, आणि त्याचे कारणही हेच : खाजगी वकील आपल्या पक्षकाराला बांधलेला असतो.

ह्यासाठी सरकारी वकील पोलिसांपासूनही वेगळा हवा. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या १९९४ च्या निकालात, सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, असे सांगितले गेले. त्या काळी महाराष्ट्रात कनिष्ठ कोर्टांतील साहाय्यक सरकारी वकिलांवर पोलीस खात्याचे नियंत्रण होते. ज्याने पोलिसांचा पुरावा पारखावयाचा त्याचा वरिष्ठ पोलीसच, अशी ही उलटी रीत! १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला ती बदलावयास लावली व अभियोगाचे स्वतंत्र खाते करण्याचा आदेश दिला.

पण येथे कोणी म्हणेल, सरकारी वकील इतका निःपक्षपाती झाला तर पीडिताने कोणाकडे पाहावे? शंका रास्त आहे, कारण निःपक्षपात आणि ढिलाई ह्यांत फरक आहे. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी जमावाने चौदा माणसांचा बळी घेतला. साक्षीदार उलटले, आणि २००३ मध्ये तेथील कोर्टातून सर्व एकवीस आरोपी सुटले. २००४ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलावर ठपका ठेवला, की तो सत्य मांडणाऱ्यापेक्षा बचावाच्या वकिलासारखाच अधिक वागला. आणि फेरखटला महाराष्ट्रात चालविण्याचा हुकूम दिला. मुंबईच्या कोर्टाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरविले. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम केली व पाच जणांस सोडले. पहिल्या खेपेस जी पारख झालीच नाही, ती दुसऱ्या खेपेस माणसागणिक झाली.

पीडितासाठी कायद्याने अलीकडे काही दारे उघडली आहेत. २००९ च्या अखेरीपासून तो कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या साहाय्यास आपला वकील देऊ शकतो, आणि आरोपी सुटल्यास स्वतः अपील करू शकतो. सरकारी वकिलास खटला मागे घेण्याचाही अधिकार आहे. पण त्यास कोर्टाची संमती लागते, आणि नव्या संहितेप्रमाणे पीडिताचे म्हणणे ऐकल्यावाचून ती देता येत नाही.

तेव्हा सरकारी वकील कोणाचा, ह्याचे उत्तर आम्ही असे देऊ : तो आपणां सर्वांचा आहे, आणि त्या ‘सर्वां’त पिंजऱ्यात उभा असलेला माणूसही आला. यापुढे एखादा खटला सुटल्याचे कानी आले, तर वकील हरला की जिंकला एवढेच विचारू नये. सगळा पुरावा कोर्टापुढे आला काय, हे विचारावे. आणि त्या पुराव्यातला एखादा दुवा आपल्यापाशी असेल, तर समन्स येताच साक्षीस जावे. साक्षीदार घरी बसला, तर उत्तमातला उत्तम सरकारी वकीलही रित्या हातांनीच उभा राहणार.